थायरॉईडची गोळी: ब्रँड की जेनेरिक यापेक्षा या चुका टाळा

"जेनेरिक घेतली अन् थायरॉईड वाढला." वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. गोळी ब्रँडची असो की जनऔषधीची, आत औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन (थायरॉक्सिन) असतं. घोळ बहुतेक वेळा घरी होतो.

गेल्या उन्हाळ्यात खेड्यावरच्या एका काकूंनी आपली पिशवीच काउंटरवर उपडी केली. तीन बाटल्या निघाल्या: पोरानं नागपूरहून आणलेली ब्रँडची, एक जनऔषधीची, तिसरी भलत्याच कंपनीची. तिन्ही ७५ मायक्रोग्रॅमच्या, तिन्ही अर्ध्या. सकाळी जी हाती लागेल ती. टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, जो औषध कमी पडलं की वाढतो, ३ वरून ११ वर गेलेला.

"सस्त्या गोयीत दमच नाई, भाऊ."

"घेता कशी?"

"चहासंग. गुडघ्याची पांढरी गोयी बी तेव्हाच. एका घोटात मोकळं!"

पांढरी म्हणजे कॅल्शियम, दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत घेतली की थायरॉक्सिन नीट अंगी लागत नाही. मध्ये चार तास हवेत. चहाही आड येतो. काकूंच्या डॉक्टरांनी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर टाकलं. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी, चहा तासाभरानं. बाटली एकच ठेवली, तीही जनऔषधीची. सात आठवड्यांनी टीएसएच ३.८. डोस तोच.

कंपनी बदलायचीच नाही असं मी म्हणत नाही. स्वस्त गोळी परवडते म्हणून रोज घेतली जात असेल तर तीच बरी. पण या औषधाचा डोस नाजूक, दोन कंपन्यांतला बारीक फरकही काहींना जाणवतो. म्हणून एक धरा. बदललीच तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. मी झाकणावर मार्करनं कंपनी आणि तारीख लिहून देतो. काही घाईबाज आठव्या दिवशीच रिपोर्ट घेऊन हजर! बाप्पा, हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात. एवढ्यात तपासणं म्हणजे लॅबला देणगी.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल आहे.

डोस मिलिग्रॅममध्ये लिहिला असेल तर ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. शून्यं मोजून घ्या.

दिवस राहिल्याचं कळलं की लगेच डॉक्टर गाठा. डोस बहुधा वाढवावा लागतो.

राहिली बाटली. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि लोक ती टिनाखालच्या खिडकीत ठेवतात. थंडावा म्हणून माठाच्या तिवईवर ठेवणारे त्याहून हुशार: तिथं ओल लागून गोळ्यांचा भुगा होतो. माझ्या आईची बाटली मधल्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात, तुरीच्या डाळीच्या डब्यामागे असते.