स्कॉलरशिपचा वर्ग पहिल्यांदाच हाती आला असेल तर

जूनमध्ये वेळापत्रक लागतं आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या नावापुढे ‘आठवी शिष्यवृत्ती, जादा तास’ असं लिहिलेलं दिसतं. अकरा वर्षांपूर्वी ते माझ्या नावापुढे होतं, फक्त तेव्हा इयत्ता सातवी होती. पुण्याच्या पूर्व भागातली आमची अनुदानित मराठी शाळा, मी गणिताची शिक्षिका. ही परीक्षा कशी असते हे मला साधारण माहीत होतं, पण मुलांचे गुण नेमके कशाने वाढतात हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ते कळायला मला तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी जुजबी माहिती. परीक्षा घेते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, तिचं कार्यालय आपल्याच पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळाजवळ आहे. पूर्वी चौथी-सातवीला असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. त्यामुळे तुमच्या हाती सातवीही येऊ शकते. मी पुढे लिहिते आहे ते आठवीच्या अनुभवावरून. दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आठवीला जास्तीत जास्त वीस टक्के प्रश्नांत दोन पर्याय अचूक असतात आणि उत्तरपत्रिकेवर त्या दोन्हींचे गोल रंगवले तरच गुण मिळतात. हे वाक्य पाठ करून ठेवा, त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

आठवीचा वर्ग माझ्याकडे आला त्या पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. अप्पा बळवंत चौकात जाऊन सराव प्रश्नपत्रिकांचे मिळतील तेवढे संच आणले. दिवाळीनंतर दर शनिवारी एक पेपर, जानेवारीत एक दिवसाआड. मुलं सोडवायची, मी तपासायची, गुण फळ्यावर लिहायचे, की लगेच पुढचा पेपर. वर्गात एक फार कष्टाळू मुलगी होती. नोव्हेंबरमध्ये तिला पहिल्या पेपरात १५० पैकी ८४ गुण होते, जानेवारीच्या शेवटी ८८. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, मी अजून किती पेपर सोडवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने सांगितलेलं सगळं केलं होतं, आणि चूक माझ्या सांगण्यात होती.

त्या रविवारी मी तिची उत्तरपत्रिका आणि कच्च्या कामाचे कागद घरी घेऊन बसले. ८८ गुण म्हणजे ४४ बरोबर, ३१ चूक. एकेक चूक उलगडत गेले. खरोखर न येणारे प्रश्न नऊ निघाले: चक्रवाढ व्याज, बैजिक राशींचे अवयव, असे. आठ प्रश्नांत दोन अचूक पर्यायांपैकी एकच रंगवला होता. सहा प्रश्नांत प्रश्नच नीट वाचलेला नव्हता. ‘कोणत्या संख्येला ३ ने भाग जात नाही’ यातला ‘नाही’ डोळ्यांआड झाला होता. पाच ठिकाणी रीत बरोबर, पण बेरीज-गुणाकारात घसरण. तीन प्रश्न वेळ संपल्यामुळे कोरे. म्हणजे ३१ पैकी २२ चुका अशा होत्या की ज्यांना नवा धडा शिकवून काही उपयोग नव्हता, आणि आणखी दहा पेपर सोडवून घेतल्याने त्याच चुका आणखी पक्क्या होणार होत्या.

तेव्हापासून माझ्या वर्गात चुकांची वही आली. दोन आठवड्यांत एकच पेपर. एक दिवस सोडवायला आणि पुढचे तीन-चार तास फक्त चुकांवर बोलायला. वहीत मूल स्वतः लिहितं: प्रश्न कोणता, मी काय उत्तर दिलं, ते का दिलं. हा ‘का’ फार मोलाचा आहे. सुरुवातीला मुलं सरसकट ‘घाईत चुकलं’ लिहितात. ते स्वीकारू नका. शेजारी बसा आणि विचारा, घाईत नेमकं काय वगळलंस? एका मुलाचं रांगेचं गणित दर वेळी एकाने चुकायचं. ‘अमुक मुलगा डावीकडून चौदावा आणि उजवीकडून नववा, तर रांगेत एकूण किती?’ तो २३ म्हणायचा. मी तीन वेळा ‘एक वजा कर’ असं सांगितलं होतं, तरी चूक तशीच. चौथ्या वेळी वर्गातच मुलांची रांग लावली आणि त्याला म्हटलं, दोन्ही बाजूंनी मोज. मोजताना तो स्वतःवर दुसऱ्यांदा बोट ठेवून थांबला आणि म्हणाला, “बाई, मी दोनदा मोजला गेलो!” त्यानंतर ते गणित त्याचं कधी चुकलं नाही.

दोन अचूक पर्यायांचं प्रकरण वेगळं हाताळावं लागतं, कारण एक बरोबर उत्तर सापडलं की मुलाचं मन पुढच्या प्रश्नाकडे धावतं. प्राथमिक शाळेपासून त्याला तशीच सवय लागलेली असते. मी असा प्रश्न देते: पूर्ण वर्गही आहेत आणि पूर्ण घनही, अशा संख्या कोणत्या? पर्याय ६४, ८१, १२५, ७२९. आठाचा वर्ग आणि चाराचा घन म्हणून ६४ लगेच सापडतो आणि पेन उचलला जातो. ७२९ हा सत्तावीसचा वर्ग आणि नवाचा घन आहे, तिथपर्यंत नजर जातच नाही. यावर मला एकच उपाय लागू पडला. प्रश्न वाचताना ‘दोन पर्याय’ हे शब्द दिसले की प्रश्नक्रमांकाभोवती गोल करायचा आणि त्या गोलात दोन ठिपके पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिला महिना कटकट वाटते, पुढे हात आपोआप करतो.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गणिताचे शिक्षक इकडे दुर्लक्ष करतात. मीही केलं होतं. सेमी इंग्रजीच्या मुलांना परसेंटेज येतं, पण ‘शेकडा’ म्हटलं की ती अडखळतात. बुद्धिमत्ता चाचणीत दिशांचे प्रश्न असतात आणि त्यात ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य येतात. मूल हुशार असतं, आकृती बरोबर काढतं आणि आग्नेय कुठे हे माहीत नसल्याने गुण घालवतं. मी दिशा पुस्तकातून शिकवणं सोडून दिलं. डोळे मिटा आणि स्वारगेटला उभे राहा, असं सांगते. कात्रजकडे तोंड केलंत की दक्षिण समोर. डावा हात हडपसरकडे, म्हणजे पूर्व. उजव्या हाताला पर्वती, पश्चिम. पाठीमागे शनिवारवाडा, उत्तर. आता कात्रज आणि हडपसर यांच्या मधोमध वळा, ती आग्नेय. रोज पीएमपीच्या बसने फिरणाऱ्या मुलांना हे एका तासात बसतं. तुमची शाळा दुसऱ्या भागात असेल तर तिथला चौक घ्या.

वेळेचं गणित सोपं आहे: नव्वद मिनिटांत पंच्याहत्तर प्रश्न. भाषा वीस ते पंचवीस मिनिटांत संपवायची, उरलेला वेळ गणिताला. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जायचं. उत्तरपत्रिकेवरचे गोल मात्र शेवटी एकदम रंगवू देऊ नका. प्रश्न सोडला की तिथे उत्तरपत्रिकेवर क्रमांक चुकतो आणि पुढचे सगळे गोल एका ओळीने घसरतात. हे मी एका चांगल्या मुलाच्या बाबतीत पाहिलं आहे आणि तो बाहेर येऊन ज्या चेहऱ्याने उभा होता तो मी विसरलेले नाही. प्रत्येक पान झालं की रंगवायचं आणि दर दहाव्या प्रश्नाला क्रमांक जुळवायचा.

पालकांशी पहिल्याच सभेत एक गोष्ट स्पष्ट करा. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो, पण शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच मिळते आणि यादीतल्या जागा ठरलेल्या असतात. हा फरक आधी सांगितला नाही तर निकालाच्या दिवशी पात्र ठरलेलं मूलसुद्धा घरी रडतं.

आणि आठवीचा वर्ग असेल तर एनएमएमएस ही केंद्र सरकारची वेगळी शिष्यवृत्ती परीक्षा विसरू नका. माझं स्पष्ट मत आहे की आमच्यासारख्या शाळेत आधी तिची तयारी करावी. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे, आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरकाम करणाऱ्या आईच्या मुलीचं शिक्षण दहावीनंतर थांबणार की चालू राहणार, हे त्या रकमेवर ठरताना मी पाहिलं आहे. परीक्षेत बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. शालेय क्षमता चाचणीत विज्ञान आणि समाजशास्त्राचे ३५-३५ प्रश्न असतात, म्हणून त्या विषयांच्या शिक्षकांना जुलैतच सोबत घ्या. उत्पन्नाच्या दाखल्याचं पालकांना जूनमध्येच सांगा. एका वर्षी एका मुलाचा दाखला वेळेत हातात आला नाही आणि त्याचा फॉर्म राहिला. तयारी त्याचीच सगळ्यांत चांगली होती. तेव्हापासून दाखल्यांची यादी मी स्वतः ठेवते.

परीक्षा संपली की वर्ग संपला असं समजू नका. काही दिवसांनी परिषदेच्या संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची येते. मुलांना घरची प्रश्नपत्रिका घेऊन बोलवा, एकत्र तपासा, एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर पुराव्यासह मुदतीत आक्षेप नोंदवा. त्या दिवशी चुकांच्या वहीत शेवटची नोंद होते. नंतर मी प्रत्येक वहीतल्या ‘खरोखर येत नाही’ या नोंदी वेगळ्या काढते आणि जूनमध्ये नववीला गणित शिकवणाऱ्या बाईंच्या हाती देते. त्या मुलीच्या त्या नऊ प्रश्नांपासून ही रीत सुरू झाली. नववीच्या बाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात अवयव पुन्हा शिकवले.