घराची फाइल मेल करण्याआधी: क्वांटमलाही न उघडणारं कुलूप

वाशी-नेरुळला सिडकोच्या जमिनीवरचा फ्लॅट घेतला की भाडेपट्टा, हस्तांतरणाचा आदेश, आधार, पॅन, सह्या अशी जाडजूड फाइल जमते आणि स्कॅन होऊन एजंट, वकील, बँक असं सगळीकडे फिरते. मूळ भाडेपट्टा ६० वर्षांचा, पॅन तर जन्मभराचा. वाटेत आज कुणी टिपलेली प्रत पुढे मोठा क्वांटम संगणक आला की उघडू शकते, कारण गणितज्ञ पीटर शोरच्या १९९४च्या क्वांटम अल्गोरिदमपुढे इंटरनेटवरची नेहमीची कुलपं, आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह, टिकत नाहीत. पासवर्डने फाइल बंद करणारं एईएस-२५६ हे कुलूप टिकतं. म्हणून कुलूप घरीच लावायचं.

फोन, ब्राउझर अपडेट करा. ‘क्वांटम-प्रूफ’ व्हीपीएनवर पैसे घालवू नका. त्याचं संरक्षण त्याच्या सर्व्हरपर्यंतच.

फाइलींना एईएस-२५६चं कुलूप लावणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये फोल्डर निवडा आणि फॉरमॅट ‘7z’च ठेवा. झिप निवडलं तर आपोआप झिपक्रिप्टो हे जुनं, कच्चं कुलूप लागतं, ते आजच फुटतं. फाइलची नावं लपवायच्या चौकटीत खूण करा, नाहीतर कुलूप लावूनही बाहेरून ‘आईचं आधार’ वाचता येतं.

खरी गोची पासवर्डची. कुलूप २५६ बिटांचं आणि चावी ‘घोडबंदर@123’, मग क्वांटमची वाट कशाला बघायची? डोक्यातून शब्द काढू नका, माणसाला ‘सहज’ सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं. ७,७७६ शब्दांची डाइसवेअर यादी घ्या, खराखुरा फासा पाच वेळा टाका, एक शब्द मिळतो. असे १० शब्द म्हणजे सुमारे १२९ बिट, म्हणजे २चा १२९वा घात इतक्या शक्यता. क्वांटम संगणकावर पासवर्ड शोधायच्या ग्रोवरच्या अल्गोरिदमपुढे हा घातांक निम्मा होतो, म्हणून सहा शब्दांवर भागवू नका. आणि पासवर्ड देवनागरीत नको: ‘ऱ’ एका कीबोर्डवर एकच अक्षर असतो, दुसऱ्यावर र अधिक नुक्ता. डोळ्याला सारखं, संगणकाला वेगळं, फाइल कायमची बंद. साधी रोमन लिपी, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा.

शब्द कागदावर लिहून दागिन्यांसोबत ठेवा. वकिलांना पासवर्ड फोनवर बोलून सांगा. फाइल गेली त्याच व्हॉट्सअॅपवर मुळीच नाही. दर माणसाला वेगळी फाइल, वेगळा पासवर्ड.

मूळ स्कॅन पुसण्याआधी दुसऱ्या संगणकावर फाइल उघडून बघा. मग स्कॅनर अॅपचा क्लाउड, गॅलरीचा कचरा आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला प्रिंटसाठी पाठवलेला मेसेज, हेही पुसा. त्याच्या संगणकावरची प्रत तिथेच उभं राहून, रीसायकल बिनसकट, पुसून घ्या.