नव्या करारातलं ग्रीक: सुरुवात 'आनास्तातोओ'पासून करा

बायबलचं ग्रीक नव्याने शिकणाऱ्यांना मी 'आनास्तातोओ' (उलथापालथ करणे) हे क्रियापद हटकून सुचवतो. नव्या करारात ते फक्त 3 ठिकाणी येतं, त्यामुळे एका बैठकीत सगळे संदर्भ वाचून होतात.

मुळाशी 'हिस्तेमी', म्हणजे उभं करणे; संस्कृत 'स्था'चं सख्खं भावंड. त्यातून विशेषण 'आनास्तातोस': घरादारातून उठवलेला, उद्ध्वस्त. आपण 'वस्ती उठवली' म्हणतो ना, तसं. त्या विशेषणावरून आपलं क्रियापद. व्युत्पत्तीचा नाद मात्र इथेच सोडा. अर्थ वाक्यात ठरतो, म्हणून आधी कर्म शोधा.

प्रेषितांची कृत्ये 17:6. थेस्सलनीकात जमाव प्रेषित पौलाचा यजमान यासोन याला नगराधिकाऱ्यांपुढे ओढत नेतो आणि पौलाच्या सोबत्यांच्या नावाने ओरडतो: जगाची उलथापालथ करणारे हेच ते! इथे कर्म 'ओइकुमेने', म्हणजे माणसांनी वसलेलं जग. रोमी अंमलाखालच्या शहरात हा साधासुधा आरोप नव्हे. पुढच्याच वचनात कैसराच्या हुकमांचा भंग आणि 'येशू नावाचा दुसरा राजा' येतो. 21:38 मध्ये कर्म माणसं आहेत: 4,000 सिकारींना (खंजीरधारी मारेकऱ्यांना) चिथावून रानात नेणारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, तूच ना, असं रोमी सरदार पौलाला विचारतो. इथे सरळ 'बंडाला उठवणे'. गलतीकरांस 5:12 मध्ये कर्म 'तुम्हाला'. सुंतेचा हट्ट धरून मंडळीत खळबळ माजवणाऱ्यांवर पौल इतका जहरी टोमणा मारतो की वर्गात तो मोठ्याने वाचायला कुणी धजत नाही.

आता व्याकरण. तिन्हीकडे धातुसाधितं, तिन्ही कर्तरी. कृत्यांमधली दोन्ही अओरिस्ट, म्हणजे इथे घडून गेलेली क्रिया सांगणारं ग्रीक रूप: चिथावणी देऊन झालेली. गलतीकरांमधलं वर्तमान: खळबळ चालूच आहे. 'केलेले' आणि 'करणारे' हा फरक मराठीत आयता आहे, इंग्रजीमार्गे जायची गरजच नाही. रूपं ओळखायला संधी आठवा. वर्तमानात धातूचा ओमिक्रॉन (ह्रस्व ओ) पुढच्या ओमिक्रॉनमध्ये मिसळून 'ऊ' होतो: 'आनास्तातून्तेस'. अओरिस्टमध्ये तोच सिग्माआधी (स आधी) दीर्घ होऊन ओमेगा (दीर्घ ओ) बनतो: 'आनास्तातोसान्तेस'.

कोश मिटल्यावर पपायरसकडे, म्हणजे लव्हाळ्याच्या प्राचीन कागदावरच्या लिखाणाकडे वळा. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखसला थेओन नावाच्या पोराचं पत्र सापडलंय, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. बापाने अलेक्झांड्रियाला नेलं नाही म्हणून पोरगं रुसलंय. तुझ्याशी बोलणार नाही, जेवणार नाही, सगळ्या धमक्या देऊन झाल्यात. त्यात आईचे शब्द येतात: 'आनास्तातोई मे', म्हणजे हा मला भंडावतो; याला घेऊन जा! तिथे ना बंड, ना साम्राज्य. डोकं उठवलंय कार्ट्याने, एवढंच.