गाडीतल्या मॉड्यूल्सनी अबोला धरला तर

जुलैतला पाऊस, ठाण्यात वंदना टॉकीजच्या बाजूला साचलेलं पाणी, त्यातून कशीबशी गाडी काढून घरी आणलीत. सकाळी चावी फिरवली तर एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग, चेक इंजिन असे सगळेच दिवे लागलेले आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. एवढे सगळे भाग एका रात्रीत निकामी होत नाहीत. बहुतेक वेळा त्यांची आपसातली बोलाचाल तुटलेली असते, आणि ती कुठे तुटली हे साध्या मल्टीमीटरनेही बऱ्याच अंशी कळतं.

गाडीतली मॉड्यूल्स, म्हणजे इंजिन, ब्रेक वगैरे सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर, एकमेकांत पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये ती जगासमोर मांडली. लाइन शांत असताना दोन्ही वायरींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. निरोप जाताना एक वायर, कॅन हाय, ३.५ व्होल्टपर्यंत चढते, दुसरी, कॅन लो, १.५ पर्यंत उतरते आणि मॉड्यूल्स त्यातला फरक वाचतात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी बॅटरी आणि अर्थिंग

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात आणि नेमके इथेच फसतात. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर फिरताना व्होल्टेज दहाच्या बरंच खाली गेलं तर मॉड्यूल्स मध्येच बंद पडतात आणि बिघाडाचे खोटे कोड साठतात. मग अर्थिंग बघा: इंजिन चालू, हेडलाइट आणि एसी चालू, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.१–०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा. ठाण्याच्या किंवा वाशी-बेलापूरच्या खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत या बोल्टांना फार लवकर गंज चढतो.

मग डोळे आणि नाक

पुढच्या सीटखालचं कार्पेट हाताने दाबून पाहा. पाय ठेवतो त्या बाजूच्या पॅनलमागे बऱ्याच गाड्यांत महत्त्वाचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, असतात. कुबट वास, ओलावा, पिनांवर हिरवा-पांढरा गंज दिसला तर तिथूनच सुरुवात करा. बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या आणि कुरतडलेली टेप शोधा. पिवळ्या रंगाच्या कपलरला मात्र हात लावू नका, मीटर तर नाहीच. ते एअरबॅगचं असतं.

कोड वाचा, पण नीट

मॉड्यूल्समध्ये साठलेले कोड स्कॅनरवर वाचता येतात. त्यात बोलाचालीचे कोड ‘यू’ने सुरू होतात. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क नाही, यू०१२१ म्हणजे एबीएसशी नाही. हे कोड बाकीची मॉड्यूल्स लिहितात, म्हणजे ती तक्रार असते, निदान नव्हे. नेरुळला आमच्या शेजारच्या काकांना एका गॅरेजने यू०१२१ पाहून एबीएसचं युनिटच बदलायला सांगितलं होतं. युनिट ठणठणीत होतं. उंदराने चाकाच्या आतल्या बाजूला त्याची एक वायर तोडली होती.

एकच मॉड्यूल गप्प असेल तर त्याचा फ्यूज, अर्थ आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी तपासा. सगळीच गप्प असतील तर मुख्य लाइन बघा. स्कॅनरच चालू होत नसेल तर तो जोडतात त्या सॉकेटचा फ्यूज पाहा. काही गाड्यांत हा फ्यूज लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो.

मीटर लावा

स्कॅनरच्या त्याच, स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ नंबरला कॅन हाय असते, १४ ला कॅन लो. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा. लाइन जागी असताना ओहम मोजलेत तर आकडा चुकतो. मग ६ आणि १४ मध्ये मोजा. साधारण ६० आला तर दोन्ही टोकं शाबूत आहेत, कारण १२० चे दोन रेझिस्टर समांतर जोडले की ६० होतात. १२० आला तर एक टोक तुटलंय. काकांच्या गाडीत हाच आकडा होता, कारण त्या गाडीत लाइनचं एक टोक एबीएस युनिटमध्येच होतं. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. सॉकेट आणि लाइन यांच्यामध्ये गेटवे नावाचं मॉड्यूल असलेल्या नव्या गाड्यांत मात्र सॉकेटवर वेगळाच आकडा येऊ शकतो. तिथे त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हवाच.

आता बॅटरी जोडा, इग्निशन चालू करा आणि प्रत्येक वायर अर्थच्या तुलनेत मोजा. हाय २.६–२.७ आणि लो २.३–२.४ हे निरोगी आकडे. बेरीज पाचच्या आसपास. एक वायर शून्यावर बसली तर ती बॉडीला टेकलीय, बारावर गेली तर सप्लायला. मीटर तसंच ठेवून कोणाला तरी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूहळू हलवायला सांगा. आकडा उडाला तर त्याच जागी टेप उघडा.

लाइन चिकटलेली असेल तर मॉड्यूल्सचे कपलर एकेक करून काढा, प्रत्येक वेळी इग्निशन बंद करून. ज्याचा कपलर काढल्यावर लाइन सुधारते, दोष त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या फांदीत. टोकाचं मॉड्यूल काढल्यावर ६० चे १२० होतात, तो दोष नव्हे.

वायर जोडताना

इथे घाई केली की दोष महिन्याभरात परत येतो. नुसतं वळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा, वर गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि दोन्ही वायरींचा पीळ होता तसा परत द्या. बाहेरचा विजेचा त्रास दोघींवर सारखाच पडतो, म्हणून त्यांच्यातला फरक बिघडत नाही. पीळ सुटला की तो फायदा गेला.

जोडल्यावर कोड पुसा आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून स्कॅनर पुन्हा लावा. त्याआधी एबीएसचा दिवा चालू असेल तर ब्रेक लागतील, पण चाकं लॉक होऊ शकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर जास्त अंतर ठेवा. स्टीअरिंग जड झालं असेल किंवा चालत्या गाडीचं इंजिन बंद पडत असेल, तर ती चालवू नका, टो करूनच न्या.