परतीचं काम : खान्देशातून शांतता मोहिमांकडे वळू पाहणाऱ्यांसाठी

शहादा, चोपडा, अमळनेरकडची मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "ताई, युनोत काम करायचं तर काय शिकायचं?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळं हेल्मेट असतं. ते हेल्मेट सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या माणसांसाठी आहे, आणि त्याची वाट वेगळी आहे. त्यामागे एक दुसरं काम असतं. लढाई थांबल्यावर पळून गेलेल्या माणसांना घरी कसं परतता येईल, कोणाला येईल, कोणत्या अटीवर, हे बघायचं काम. माणसं तिथे कमी पडतात. मी जळगावला एमएसडब्ल्यू केलं, तळोद्यात फील्डवर्क केलं आणि पुढे पश्चिम जॉर्जियातल्या झुगदिदी शहरात विस्थापितांसोबत काम केलं. त्या अनुभवातून जे नव्या माणसाला उपयोगी पडेल ते लिहिते.

आपल्याकडची बरीच मुलं एमबीबीएससाठी तिबिलिसीला जातात, म्हणून जॉर्जिया हे नाव आता खान्देशात नवं नाही. पण त्याच शहराच्या मधोमध असलेलं इवेरिया नावाचं उंच हॉटेल २००४ पर्यंत विस्थापितांनी भरलेलं होतं, हे तिथे शिकणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. ती माणसं अबखाझियातून आली होती.

अबखाझिया हा काळ्या समुद्राकाठचा छोटा प्रांत. सोव्हिएत काळात जॉर्जियाच्या अखत्यारीतलं स्वायत्त प्रजासत्ताक. १९८९ च्या जनगणनेत तिथे सव्वापाच लाख लोक होते. त्यात जॉर्जियन ४५.७ टक्के आणि ज्यांच्या नावाने प्रांत ओळखला जातो ते अबखाझ फक्त १७.८ टक्के. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे दोन आकडे विसरू नका. १४ ऑगस्ट १९९२ ला जॉर्जियाच्या फौजा आत घुसल्या आणि युद्ध पेटलं. २७ सप्टेंबर १९९३ ला राजधानी सुखुमी अबखाझ बाजूच्या हाती गेली. दोन लाखांवर जॉर्जियन लोक पळाले. कितीतरी जण स्वानेतीच्या डोंगरखिंडीतून पायी निघाले आणि थंडीत वाटेतच गेले.

त्यानंतर जे झालं तो शांतता मोहिमांच्या अभ्यासातला मोठा धडा आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने युनोमिग हे निरीक्षक मिशन उभं केलं. १४ मे १९९४ ला मॉस्कोत युद्धबंदीचा करार झाला. अबखाझिया आणि बाकीचा जॉर्जिया यांच्यामधल्या इंगुरी नदीच्या दोन्ही काठांना सुरक्षा पट्टा आखला गेला. त्यात फौज नको, रणगाडे नकोत. त्याच्या पलीकडच्या पट्ट्यात जड शस्त्रं नकोत. बंदूक घेऊन मध्ये उभी राहिलेली फौज मात्र युनोची नव्हती. ती सोव्हिएत संघ फुटल्यावर झालेल्या देशांच्या राष्ट्रकुलाच्या नावाने आलेली, प्रत्यक्षात रशियाची होती. युनोचे निरीक्षक बिनहत्यारी, मंजूर संख्या १३६. गस्त घालायची, करार कोण मोडतंय ते पाहायचं, तक्रारी नोंदवायच्या. ८ ऑक्टोबर २००१ ला अबखाझियातल्या कोदोरी खोऱ्यावर त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं आणि आतले नऊही जण ठार झाले. बिनहत्यारी निरीक्षक म्हणजे सुखाची नोकरी असं कोणी सांगितलं तर हे आठवावं.

शांतिसैनिक मध्ये उभा राहतो तो दोन्ही बाजूंच्या संमतीवर. संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षण व सोपवलेल्या कामाचं रक्षण सोडून बळाचा वापर नाही, ही युनोच्या मोहिमांची तीन तत्त्वं. इथे मध्ये उभा राहणाराच एका बाजूचा पाठीराखा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियात युद्ध झालं, २६ ऑगस्टला रशियाने अबखाझियाला देश म्हणून मान्यता दिली, आणि जून २००९ मध्ये रशियाच्या नकाराधिकाराने युनोमिगच संपलं. सोळा वर्षांचं मिशन एका मतदानात बंद. आज जॉर्जियाच्या बाजूने युरोपीय संघाचे निरीक्षक गस्त घालतात. त्यांना अबखाझियात प्रवेश नाही.

आता परतीबद्दल. कारण मला खरं सांगायचंय ते हेच.

युद्धबंदीच्या करारापूर्वीच, ४ एप्रिल १९९४ ला, जॉर्जिया, अबखाझ बाजू, रशिया आणि युनोची निर्वासित संस्था यांनी स्वेच्छेने परतण्याचा करार केला होता. अर्ज भरायचे, दोन्ही बाजूंनी तपासायचे, मग माणसं बसने न्यायची. त्या पद्धतीने परतले ३११ जण. दोन लाखांतले ३११. का, याचं उत्तर जनगणनेच्या त्या दोन आकड्यांत आहे. सगळे परतले की अबखाझ पुन्हा आपल्याच प्रांतात अल्पसंख्य. म्हणून एकेक अर्ज अडवला गेला. "हा लढला होता का?" हा प्रश्न कोणाच्याही नावापुढे लावता येतो. पेच सोडवायला राजकीय तोडगा लागतो. तो नसेल तर फॉर्म कितीही नीट छापा, बस रिकामीच जाते.

आणि तरीही हजारो लोक परतले. कोणालाही न विचारता, नदी ओलांडून, सीमेलगतच्या गाली जिल्ह्यात. तिथले जवळपास सगळेच जॉर्जियन, घरी मेग्रेली बोलणारे, हेझलनटच्या बागांवर जगणारे. बाग पिकली की माणूस जातोच. १९९८ च्या मे महिन्यात तिथे पुन्हा लढाई झाली, ३० ते ४० हजार माणसं पुन्हा पळाली, आणि मदतीच्या पैशांतून नुकतीच उभी राहिलेली घरं जाळली गेली. छप्पर बांधून देणं सोपं. त्या छपराखाली रात्री झोप लागेल याची हमी देणारा पोलीस कोण, हे आधी विचारायचं असतं.

इंगुरीचा पूल मी रोज पाहत असे. लांबलचक पूल, सकाळी थंडी, दोन्ही टोकांना चौक्या. म्हाताऱ्यांसाठी घोडागाडी चालायची. एक आजी नेहमी दिसायच्या. गालीहून झुगदिदीला पेन्शन घ्यायला यायच्या, औषधं घ्यायच्या, दुपारी परत. पिशवीत कागदांचं प्लॅस्टिकचं पाकीट, त्यात जुना सोव्हिएत पासपोर्ट, जॉर्जियन ओळखपत्र, आणि पलीकडच्या प्रशासनाने दिलेला कागद. चौकीवर कोणता काढायचा आणि कोणता पाकिटात खोल ठेवायचा, हे त्यांना बरोबर माहीत होतं. दोन्हीकडे घर असणं म्हणजे दोन्हीकडे अर्धवट नागरिक असणं. पुढे २०१५ पासून गालीच्या खालच्या भागातल्या शाळांत लहान वर्गांना रशियनमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि २०१७ मध्ये नदीवरचे बहुतेक येण्याजाण्याचे रस्ते पलीकडून बंद झाले. ज्यांचं शेत बंद रस्त्याच्या तोंडाशी होतं, त्यांना आता लांबून वळसा.

इकडे जॉर्जियाच्या बाजूला वेगळा प्रश्न होता. देशातल्या देशात पळालेला माणूस कायद्याने निर्वासित नसतो, तो अंतर्गत विस्थापित. त्याच्यासाठी १९५१ चा निर्वासित करार नाही. १९९८ ची युनोची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि तीही बंधनकारक नाहीत. जॉर्जियाने बरीच वर्षं या लोकांना कायमची घरं द्यायला टाळाटाळ केली, कारण इथे स्थिरावले तर परतीचा दावा ढिला पडेल. पश्चिम जॉर्जियातल्या त्स्काल्तुबो गावच्या जुन्या सॅनेटोरियमांत, म्हणजे आरोग्यधामांत, एकेका खोलीत अख्खं कुटुंब, बाल्कनीत चूल. २००७ च्या धोरणानंतर हे बदलू लागलं. मला विचाराल तर घर देणं आणि परतीचा हक्क शाबूत ठेवणं यांत काहीच विरोध नाही. परत जायचं की नाही हे माणूस नीट छताखाली बसून ठरवील, तेव्हाच तो निर्णय त्याचा.

हा निर्णय माणसाचा असतो, हे तत्त्व जगात घट्ट करण्यात एका मराठी सेनानीचा वाटा आहे. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांच्यावर देखरेखीसाठी भारताची फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. ज्याच्या त्याच्या बाजूचे लोक कैद्यांना समजवायला येत, आणि कैद्याने ठरवायचं. जबरदस्ती नाही. या प्रकरणाचा अभ्यास जरूर करा, मुलाखतीत भारतीय उमेदवाराला याचा फार उपयोग होतो.

सुरुवात मात्र घराजवळ करा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगावची नर्मदाकाठची ३३ गावं सरदार सरोवरात बाधित झाली. त्यांतल्या अनेकांच्या वसाहती तळोदा परिसरात आहेत. तिथे युद्ध नाही, आणि परत जायला गावच पाण्याखाली. त्यामुळे दोन्ही गोष्टी एक समजू नका. पण नोंदीचं काम तिथे जसं शिकता येतं तसं पुस्तकात नाही. घोषित आणि अघोषित प्रकल्पग्रस्त, एका घरातला एक भाऊ यादीत आणि दुसरा बाहेर, सातबारा कोणाच्या नावावर, विधवेचा हक्क कुठे गळाला. झुगदिदीत नोंदणीच्या टेबलाशी बसले तेव्हा हेच प्रश्न वेगळ्या लिपीत समोर आले. आणि भाषेचं म्हणाल तर आपली अहिराणी धडगावात चालत नाही, तिथे पावरी लागते. दुभाष्यासमोर कसं बसायचं, त्याच्याकडे न बघता बोलणाऱ्या बाईकडे बघून कसं ऐकायचं, हे मी तिथेच शिकले.

शिक्षणाचं थोडक्यात. बीए कशातही चालतं; नंतर समाजकार्य, कायदा किंवा आंतरराष्ट्रीय संबंध घ्या. दिल्लीच्या इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉमध्ये मानवी हक्क, मानवतावादी आणि निर्वासित कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तो मला फार उपयोगी वाटतो. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, म्हणून आपल्या कॉलेजांत हा विषय क्वचित शिकवला जातो. तो स्वतःच भरून काढावा लागतो. रशियन शिका. युनोच्या सहा भाषांतली ती एक, आणि पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात शिकता येते. पोलीस दलात असाल तर युनोच्या निवड चाचणीत इंग्रजी, गाडी चालवणं आणि हत्यार हाताळणं तपासतात, आणि सैन्य-पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीत २००० पासून शांतिसेना केंद्र आहे.

नागरी नोकरीत पहिल्याच पायरीला साधारण पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो अनुभव मिळवायला युनोचा स्वयंसेवक कार्यक्रम चांगला. १८ ते २६ वयोगटासाठी वेगळी जागा असते, आणि निर्वाहभत्ता मिळतो. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्क किंवा जिनिव्हाचा खर्च घरच्यांवर पडतो, तेव्हा आधी हिशोब करा. आणि एक गोष्ट ठळकपणे: युनो भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही घेत नाही. धुळ्यात असो की जळगावात, कोणी "युनोत लावून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठून या. अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा, आणि त्यात तळोद्याच्या वसाहतीत किती कुटुंबांच्या नोंदी तपासल्या, कोणती चूक शोधली, ती कशी दुरुस्त करून घेतली, हे नेमकं लिहायचं. निवड करणारे तेच वाचतात.