कृष्णद्रव्याच्या शोधाचा आलेख कसा वाचावा

कृष्णद्रव्याचा (प्रकाश न देणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणावरून ओळखलेल्या द्रव्याचा) कण याही वेळी सापडला नाही, अशी बातमी अधूनमधून येते आणि तिच्यासोबत इंग्रजी 'व्ही'सारखा वक्र असलेला एक आलेख असतो. बातमीपेक्षा हा आलेखच अधिक बोलका असतो. उदाहरणादाखल अमेरिकेतील साउथ डकोटात, होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, द्रव झेनॉनच्या टाकीत असा कण आदळतो का हे पाहणाऱ्या 'एलझेड' प्रयोगाचा २०२४ मधील आलेख समोर ठेवावा.

प्रथम अक्ष पाहावेत. आडव्या अक्षावर कणाचे संभाव्य वस्तुमान असते (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात; त्यात प्रोटॉन साधारण १ भरतो), तर उभ्या अक्षावर तो कण प्रोटॉन-न्यूट्रॉनवर आदळण्याची शक्यता, म्हणजे काटछेद, चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेला असतो. दोन्ही अक्षांवरील प्रत्येक मोठी खूण मागच्या खुणेच्या दहापट असते. वक्राच्या वरचा प्रदेश बाद झालेला आणि खालचा अजून खुला असतो. नवखे वाचक नेमके याच्या उलट समजतात.

आता वक्राचा आकार. हलका कण झेनॉनच्या जड अणुकेंद्रकावर आदळणे म्हणजे कॅरमच्या सोंगटीवर मोहरीचा दाणा मारण्यासारखे आहे. धक्का इतका क्षीण असतो की उपकरणाला तो जाणवतच नाही, म्हणून वक्र डावीकडे झपाट्याने वर चढतो. उजवीकडेही तो हळूहळू चढतो, पण कारण वेगळे आहे: आपल्या परिसरातील कृष्णद्रव्याची एकूण घनता ठरावीक धरलेली असल्यामुळे कण जितका जड, तितकी कणांची संख्या कमी आणि धडकाही कमी. एलझेडचा वक्र ४० च्या आसपास सर्वांत खाली जातो. ४० वस्तुमानाला त्याची मर्यादा २.२ गुणिले १० चा उणे ४८ वा घात चौरस सेंटिमीटर इतकी आहे. ही मर्यादा ९० टक्के विश्वासपातळीवरची आहे, हे वाक्य बातमीत बहुधा गळते.

काही आलेखांत वक्राऐवजी बंद बेटे दिसतात. तो शोध लागल्याचा दावा समजावा. इटलीतील ग्रान सास्सो येथील 'डामा' प्रयोगाचे, नोंदींच्या संख्येतील वार्षिक चढउतारावर आधारलेले बेट प्रसिद्ध आहे, परंतु त्याच सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांनी स्पेन आणि दक्षिण कोरियात केलेल्या प्रयोगांना तो वार्षिक चढउतार आढळला नाही.

तळाशी रंगवलेला पट्टा न्यूट्रिनोंचा, म्हणजे द्रव्याशी क्वचितच आदळणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. सूर्याकडून येणारा न्यूट्रिनोही केंद्रकाला तसाच धक्का देतो, टाकीत कृष्णद्रव्याच्या धडकेने उमटाव्यात तशाच दोन चमका उमटतात, आणि म्हणून त्या पट्ट्यात शिरल्यावर झेनॉन दुप्पट केले तरी वक्र पूर्वीच्या वेगाने खाली सरकत नाही.