पुस्तक मिटा आणि मेकॅनिझम लिहून काढा

एस.वाय.बी.एस्सी.ला मी ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. परीक्षा जवळ आली की मुलं विचारतात, ‘मॅडम, वाचताना सगळं कळतं, पेपरात काहीच आठवत नाही. काय करू?’ माझं उत्तर ठरलेलं आहे : वाचन कमी करा आणि पुस्तक मिटून लिहिणं वाढवा.

अल्डोल कंडेन्सेशन ही अभिक्रिया घ्या. तिचा मेकॅनिझम, म्हणजे ती पायरीपायरीने कशी घडते, ते लिहायचं आहे. ते पान एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, रफ वहीचं कोरं पान उघडा. ॲसिटाल्डिहाइडपासून सुरुवात करा. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने अल्फा हायड्रोजन (कार्बोनिल म्हणजे C=O गटाच्या शेजारच्या कार्बनवरचा) काढून घेतला, एनोलेट हा ऋण आयन तयार झाला. त्याने दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनवर हल्ला केला, मग पाण्याकडून प्रोटॉन घेऊन 3-हायड्रॉक्सीब्युटॅनल मिळालं. तापवलं की पाणी निघून जातं आणि क्रोटोनाल्डिहाइड बनतं. मध्येच अडलात तरी लगेच पुस्तकाकडे धावू नका, दोन-तीन मिनिटं डोकं खाजवा. त्यानंतरच लाल पेनाने दुरुस्ती करा. चूक बहुधा बाणात सापडेल. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारा वक्र बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो. मुलं तो हायड्रोजनपासून काढतात. नुसतं वाचताना हे लक्षातच येत नाही, आणि गुण नेमके तिथेच जातात.

हा काही माझ्या एकटीचा अनुभव नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा वाचून पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा तो पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. त्यामुळे वाचून झाल्या झाल्या जे ‘येतंय, येतंय’ वाटतं, त्यावर विसंबू नका.

तीच अभिक्रिया दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका, म्हणजे कुठली मागे राहिली ते कळतं. आणि एका बैठकीत एकच अभिक्रिया घोटत बसू नका. अल्डोलनंतर लगेच कॅनिझारो ही अल्डिहाइडांचीच दुसरी अभिक्रिया घ्या. बेंझाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजनच नाही, म्हणून तो संहत अल्कलीत कॅनिझारोकडे वळतो. पेपरात प्रश्नावर धड्याचं नाव नसतं. कुठे काय लागू पडतं हे तुम्हालाच ओळखायचं असतं. त्याची सवय अशी सरमिसळ केल्यानेच होते.

जुने पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. अभ्यासाला बसण्याआधीच मागच्या काही वर्षांच्या झेरॉक्स आणा. सिलॅबस बदलला असेल तर गेलेले प्रश्न खोडा, उरलेल्यांत मेकॅनिझम किती आणि व्याख्या किती ते बघा, वेळ त्या हिशेबाने वाटा. एखादा पेपर तरी घड्याळ लावून पूर्ण सोडवा. सलग लिहायची सवय नसेल तर हात भरून येतो आणि शेवटचा प्रश्न राहतो.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, यावर जास्त बोलत नाही. हायलायटरने पान पिवळं करण्यात मला अर्थ वाटत नाही. होस्टेलवर असाल तर रूममेटला मेकॅनिझम तोंडी समजावून सांगा. ‘हा बाण इथूनच का?’ असं त्याने विचारलं की तुमची खरी तयारी कळते.

आदल्या रात्री नवीन काही उघडू नका. लाल दुरुस्त्यांची पानं तेवढी चाळा आणि वेळेवर झोपा. जागरण करून आलेली मुलं येत असलेल्या प्रश्नातही कार्बन मोजायला चुकतात, हे मी दरवर्षी उत्तरपत्रिकांत बघते.